एकोणसाठ मणी

घरात माणसं बारा, बशा अकरा,
म्हणून एकजण नेहमी टोपातच जेवायचा.
टोपात जेवणाऱ्याला खरवड मिळते,
त्यामुळे त्या जागेसाठीही भांडण.

उभादांड्याला आमची सकाळ उजाडायची ती रांगेनं:
विहिरीवर रांग, परसाकडे रांग,
आरशापुढे इनास, त्याच्या काखेखालून लुदू,
लुदूच्या डोक्यावरून एस्पेरांसची वेणी.
बोस्त्यांवचे बूट माझ्याकडे आले तेव्हा
डाव्यात त्याच्या अंगठ्याचा खड्डा तयारच होता.
दोन वर्षं मी त्याच्या चालीनं चालले.

पप्पा शिंपी. गिऱ्हाइकाचं कापड उरलं की आमच्या अंगावर.
एका साली त्यांनी बँडवाल्यांचे गणवेश शिवले,
त्या नाताळात आम्ही सातही जण मिसाला गेलो
लाल कॉलर लावून.
फादर म्हणाले, ‘आता वाजवा.’

संध्याकाळी सायबिणीपुढे मेणबत्ती आणि तेर्स.
एकेक दशक एकेकाच्या वाट्याला.
लुदू एका श्वासात तीन ‘नमो मरिया’ उरकायचा,
सान्तान झोपेतच उत्तरं द्यायचा, चुकायचा नाही.
मे महिना होता, वीज गेलेली.
चौथं दशक आपलंच, असं जुळ्यांपैकी दोघंही म्हणाले,
आणि माळ दोन्हीकडून ओढली.

शेणाच्या जमिनीवरून मणी पळाले,
शाळा सुटल्यावर आम्ही पळायचो तसे.
‘प्रार्थना थांबवची नाय,’ मांय म्हणाली.
उरलेलं दशक आम्ही रांगत म्हटलं,
पप्पा कपाटाखालून, मिनीन आत्या मशीनच्या पायट्याखालून,
मोंतेर काका गुडघ्याला शिव्या आणि मरियेला नमो
एकाच सुरात देत.

मणी मोजले. अठ्ठावन्न.
परत मोजले. अठ्ठावन्न.
एस्पेरांसनं बत्ती घेऊन कोपरे झाडले:
एक खिळा, एक दुधाचा दात (कुणाचा, ते ठरेना),
पेद्रूचं हरवलेलं चार आण्याचं नाणं,
ज्यापायी सान्ताननं केव्हाच मार खाल्ला होता.
तेवढ्यात पाळण्यापाशी बसलेल्या कायताननं
समाधानानं ढेकर दिला.

मांयनं त्याच्या तोंडात बोट फिरवलं.
लागला तो नवा दात.
‘गिळल्यान,’ काका म्हणाले. ‘आता वाट बघूची.’

दोन दिवस कुणी खेळायला गेलं नाही.
एरवी कामाला हाक मारली की माडावर चढणारा बोस्त्यांव
काठी घेऊन परसात हजर.
शेजारची सुमित्राकाकू कुंपणावरून विचारायची, ‘इलो काय गे?’
तिनं सातेरीला नारळही बोलून ठेवला होता.
तिसऱ्या दिवशी, रविवारी,
आम्ही तेल चोपडून मिसाला निघालेलो,
पहिली घंटा झालेली,
आणि आला.

किती वेळा धुतला, विचारू नका.
पप्पांनी तंगुसात ओवला, गाठ दातानं आवळली,
पण कितवा ओवला ते कुणालाच सांगितलं नाही.
त्या दिवसापासून प्रत्येक मण्यावर
सगळ्यांची बोटं जराशी अडखळायची.
लुदूसुद्धा सावकाश म्हणू लागला.

काकूचा नारळ आम्हीच सोलला. खोबरं वाटून घेतलं,
सगळ्यात मोठा तुकडा कायतानला,
दात दोनच असून.

आता तो बहारीनला एका बेकरीत रात्रपाळी करतो.
पीठ फुगेपर्यंत फोन लावतो,
मागे घमेल्यांचा आवाज.
‘माझो मणी गावलो काय गो?’
माळ माझ्या उशाशी आहे. दुसऱ्या दशकात
एका ठिकाणी गाठ जाड लागते.
‘शोधतंय,’ मी म्हणते,
आणि फोन ठेवून धावते,
भात खाली लागलाय.

बशा फडताळात अकराच्या अकरा.
मी टोप पुढ्यात ओढते.